अमेरिकेतून आलेलं स्टफिंग मिक्स, घरात बीपी अन् शुगर दोन्ही आहे, खायचं की नाई?

संत्राबर्फी (धरमपेठ):

नमस्कार मंडळी. नणंदबाई डॅलसहून लग्नाला आल्या होत्या, जाताना सामान जास्त झालं म्हणून स्टफिंग मिक्सचे चार डबे इथेच ठेवून गेल्या. पुठ्ठ्याचा डबा, आत पाकीट, त्यात ब्रेडचे वाळवलेले बारीक तुकडे अन् मसाला त्यालाच लागलेला. पाणी उकळ, बटर टाक, हे टाक, झाकण ठेव, पाच मिनिटांत झालं, एवढंच सांगून गेल्या. वास एकदम भारी आहे बाप्पा, मुलगा तर कोरडंच खाऊन राहिला मुठीमुठीने. मी विचार करून राहिली की सिमला मिरचीत भरून ओव्हनमध्ये भाजून पाहावं.

पण घरची परिस्थिती अशी की सासऱ्यांना बीपी आहे, गोळी चालू, अन् मागच्या तपासणीत क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) १.६ आलं तर डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले. सासूबाईंना शुगर, वरून त्या माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. मुलगा सहा वर्षांचा.

डब्यावर हिरवा ठिपका वगैरे काहीच नाही. खाली फक्त "कंटेन्स: व्हीट, सॉय, मिल्क" लिहिलंय, म्हणजे व्हेजच झालं ना? अन् मागच्या तक्त्यात असं आहे, एक सर्व्हिंग म्हणजे डब्याचा सहावा हिस्सा (२८ ग्रॅम), कॅलरी ११०, सोडियम ४१० मिलीग्रॅम म्हणजे १८ टक्के, कार्ब २२ ग्रॅम, फायबर १ ग्रॅमपेक्षा कमी, प्रोटीन ३ ग्रॅम. १८ टक्के म्हणजे काही फार नाही असं मला वाटून राहिलं, लोणचं-पापड तर आम्ही रोजच खातो. जाणकारांनी सांगा.

तर्रीपोहे:

ताई सरळ कचऱ्यात टाका. चार-चार महिने टिकणारा ब्रेड म्हणजे नुसतं केमिकल असते. आपल्याकडे सकाळी आणलेला पाव दुसऱ्या दिवशी कडक अन् तिसऱ्या दिवशी हिरवा होते, मग यांचाच कसा टिकते? कोणी सांगेल का?

फूडटेक_एलआयटी:

@तर्रीपोहे भाऊ, टिकते कारण त्यात पाणीच नाही. बुरशीला ओल लागते. आपले टोस्ट, खारी, कुरडया, सांडगे वर्षभर राहतात ते काय केमिकलने राहतात का? ब्रेड पार कोरडा केला की निम्मं काम झालं. प्रिझर्व्हेटिव्ह अशा मिक्समध्ये असतात ते त्यातलं तेल खवट होऊ नये म्हणून, त्यावर पुढे लिहितो.

आता ताईंच्या प्रश्नावर. सगळ्यात आधी ती "कंटेन्स" वाली ओळ, कारण तिथे बरेच लोक फसतात. ती ओळ फक्त ॲलर्जीसाठी असते. अमेरिकेत नऊ गोष्टी तशा जाहीर कराव्या लागतात, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, बदाम-काजू वर्ग, शेंगदाणे, गहू, सोया आणि २०२३ पासून तीळ. त्यात कोंबडी नाही, बोकड नाही, डुक्कर नाही! म्हणजे डब्यात अख्खी कोंबडी असली तरी त्या ओळीत गहू-सोया-दूध एवढंच दिसणार अन् तुम्ही समजणार व्हेज आहे. आपल्याकडचा हिरवा ठिपका अन् मांसाहारी पदार्थाचा तपकिरी त्रिकोण हा एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, तिकडे तशी सक्ती नाही. म्हणून वरची बारीक अक्षरातली "इन्ग्रेडियंट्स" यादी शेवटपर्यंत वाचा, चिकन ब्रॉथ, चिकन फॅट, टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी), असं काही सापडते का ते पाहा. चिकन फ्लेव्हरच्या मिक्समध्ये खरं चिकन किंवा त्याचा रस्सा सर्रास असते. अन् "हर्ब" लिहिलं म्हणजे व्हेज असंही धरू नका.

दुसरं ते १८ टक्के. ही टक्केवारी अमेरिकेत दिवसाला २३०० मिलीग्रॅम सोडियम धरून काढतात. आपल्याकडचं लेबल २००० वर काढतात, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही तीच, २००० मिलीग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एका चहाच्या चमच्यालाही थोडं कमीच. तुमचे ४१० त्या हिशोबाने २० टक्क्यांच्या वर गेले. आणि तिकडचाच ठोकताळा असा आहे की ५ टक्के किंवा कमी म्हणजे कमी, २० किंवा जास्त म्हणजे जास्त. तर हे "काही फार नाही" मध्ये बसत नाही. सोडियमला अडीचने गुणा म्हणजे मीठ निघते, ४१० म्हणजे जवळपास एक ग्रॅम मीठ. अख्ख्या डब्यात सहा ग्रॅम. सासऱ्यांच्या अख्ख्या दिवसाच्या कोट्यापेक्षा जास्त मीठ एका डब्यात आहे, असं पाहा.

तिसरी गोष्ट जी लेबलवर दिसत नाही, ते आकडे कोरड्या मिक्सचे आहेत. करताना पाव कप बटर टाकायला सांगतात ना, ते साधारण ५७ ग्रॅम झालं. खारं बटर घेतलं तर त्यात १०० ग्रॅमला ८०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे दर वाटणीला आणखी ७५-८० चढलं, अन् कॅलरी ११० च्या १८० वर गेल्या, सॅच्युरेटेड फॅट पाचेक ग्रॅम. दिवसाची मर्यादा २२ धरतात. लेबलवर दुसरा रकाना "ॲज प्रिपेअर्ड" असेल तर तो वाचा, नसेल तर ही बेरीज आपणच करायची.

जर्सीतला_नागपूरकर:

मी इकडे बारा महिने पाहतो हे डबे, म्हणून दोन गोष्टी जोडतो. तिकडे हा मुख्य पदार्थ नाहीच, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, टर्कीसोबत बाजूला चमचा-दोन चमचे घ्यायची गोष्ट आहे. पूर्वी टर्कीच्या पोटात भरून भाजायचे, त्याला फार वेळ लागायचा अन् आतलं सारण नीट न शिजता राहायची भीती, अजूनही अमेरिकी सरकार सांगते की पोटात भरलं असेल तर सारणाच्या मधोमध १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झाल्याशिवाय खाऊ नका. मग १९७२ ला जनरल फूड्स कंपनीने स्टोव्ह टॉप नावाचा डबा काढला, गॅसवर पाच मिनिटांत होणारा. त्यामागे रूथ सीम्स नावाच्या बाई होत्या, त्यांचं डोकं कुठे चाललं तर तुकड्याच्या आकारात. फार बारीक केला तर गरम पाण्यात लगदा होते, फार मोठा ठेवला तर आतून कोरडा राहते. त्याचं पेटंटही झालं १९७५ ला. तेव्हापासून सणाचा पदार्थ रोजच्या जेवणात आला आणि मीठही सोबत आलं.

आता महत्त्वाचं. ते २८ ग्रॅम शिजवून अर्धा कप होते, ती सर्व्हिंग कोणीच पाळत नाही. एका मध्यम सिमला मिरचीत आरामात अर्ध्या कपाच्या वर बसते, अन् दोन मिरच्या तर आपला माणूस खातेच की. मग ४१० चे ८२० झाले, बटर वेगळं.

एक त्याच्या बाजूनेही बोलतो नाहीतर सगळे मिळून त्या डब्याला फाशीच द्याल. तिकडचा मैदा "एनरिच्ड" असते, लोह, नायसिन, थायमिन, रायबोफ्लेविन अन् १९९८ पासून फॉलिक ॲसिड टाकलेलं. त्यामुळे अगदीच पोकळ नाही. पण फायबर निघून गेलं ते गेलंच, ते कोणी परत टाकत नाही.

अन् पुढच्या वेळी नणंदबाईंना सांगा आणायचंच असेल तर लेबल पाहून आणा. यातही गंमत आहे, "रिड्यूस्ड सोडियम" म्हणजे नेहमीच्यापेक्षा २५ टक्के कमी एवढंच, म्हणजे ४०० चे ३००. "लो सोडियम" लिहायचं असेल तर एका सर्व्हिंगला १४० च्या आत लागते. दोन्ही शब्द सारखेच वाटतात पण आहेत भलतेच.

संत्राबर्फी (धरमपेठ):

बापरे. भिंग घेऊन वाचलं आत्ता. दोन डब्यांत "कुक्ड चिकन" असं चक्क लिहिलंय आणि बाकी दोन "हर्ब" वाले, त्यात चिकन ब्रॉथ आहे. सासूबाईंचा विषयच संपला, त्यांना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या ते डबे आधी स्वयंपाकघराच्या बाहेर काढ, मग बाकीचं बोलू 😅 आता ते बाल्कनीत आहेत.

पण आम्ही तिघं बाहेर नॉनव्हेज खातो, सावजीचं तर विचारूच नका. म्हणून सासऱ्यांचं विचारते, ते म्हणून राहिले की गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दे, मीठ निघून जाईल. होते का तसं? अन् दुसरं, त्यांच्यासाठी मी ते लो सोडियमवालं मीठ आणायचा विचार करून राहिली होती, मग बाकी जेवणात तेवढी सूट मिळेल. चालेल ना?

आहारकाकू (सीए रोड):

ताई, थांब. ते लो सोडियम मीठ आणू नको, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. धडधाकट माणसाला ते चांगलंच आहे, पण किडनी कमी काम करत असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं, आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. क्रिएटिनीन १.६ म्हणजे ज्येष्ठ माणसासाठी किडनीकडे लक्ष द्यायचीच वेळ. वरून बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातली असेल तर त्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. लोक जाहिरात पाहून आणतात आणि घरात सगळ्यांना तेच मीठ सुरू करतात, मला याची जास्त भीती वाटते, तुझ्या त्या डब्यापेक्षाही. गोळीचं नाव पाहून डॉक्टरांना फोन कर.

भिजवून पाणी फेकण्याचं म्हणशील तर ब्रेड आहे तो, डाळ नाही. तो पाणी पिऊन घेतो आणि मीठही त्याच पाण्यात राहतं. पिळून काढलंस तर थोडं कमी होईल, पण हातात लापशी येईल, ती मिरचीत भरून काय करणार. काही मिक्समध्ये मसाल्याची पुडी वेगळी असते, त्यात अर्धीच वापरता येते. तुझ्यात मसाला तुकड्यांनाच लागलेला आहे म्हणतेस म्हणजे तो मार्ग बंद. दुसरं करता येईल, एका भागाला दोन भाग साधा वाळवलेला ब्रेड, बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या, मशरूम घालून वाढवायचं. म्हणजे वाटण्या जास्त होतात आणि दर वाटणीला मीठ कमी येतं. बटर बिनमिठाचं आणि निम्मं. एवढं करून आजोबांनी एखाद्या वेळी दोन चमचे चाखले तर काही आकाश कोसळत नाही. पण त्या दिवशी मग पापड, लोणचं, चिवडा, तर्री काही नाही. आणि हे जे तू लिहिलंस ना, लोणचं-पापड तर रोजच खातो, खरी गोष्ट तिथे आहे. आपल्याकडे माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, पाचच्या जागी. त्यात या डब्याचा वाटा शून्य आहे. आजोबांचं रोजचं लोणचं सुटलं तर तो फायदा हे चार डबे फेकून होणाऱ्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा.

सासूबाईंना द्यायचंच नाही आहे पण शुगरवाल्या इतरांसाठी लिहिते. अर्ध्या कपात २२ ग्रॅम कार्ब म्हणजे साधारण दीड स्लाइस ब्रेड, फायबर जवळपास नाही. म्हणून हे भाजी म्हणून पोळीसोबत खायचं नाही, पोळीच्या ऐवजी खायचं, सोबत पनीर किंवा मोड आलेली मटकी असू दे. लोक काय करतात, भरली मिरची ही भाजी धरतात आणि वरून दोन पोळ्या खातात.

बाळाचं म्हणशील तर चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेत दिवसाला सोडियमची मर्यादा १५०० धरतात. एका सर्व्हिंगमध्ये त्याचा पाव हिस्सा संपतो, आणि तो कोरडं मुठीने खातोय म्हणजे किती गेलं कोणी मोजलं? डब्यात रोज द्यायची गोष्ट नाही. मीठाची जीभ याच वयात लागते.

तर्रीपोहे:

काकू तर्रीला कायले मधात घेता 😂 ते सोडा, @फूडटेक_एलआयटी भाऊ तुम्ही प्रिझर्व्हेटिव्हवर लिहितो म्हणाले अन् गायब झाले. अन् अजिनोमोटोचं काय? खरा खलनायक तोच असते असं व्हॉट्सॲपवर तर रोज येऊन राहिलं.

फूडटेक_एलआयटी:

हो बाप्पा, ड्युटीवर होतो.

अजिनोमोटो म्हणजे एमएसजी, आपल्या लेबलवर आयएनएस ६२१. त्यात सोडियम असते १२ टक्के, साध्या मिठात ३९ टक्के. म्हणजे सोडियमचाच हिशोब करायचा तर मीठच मोठा चोर आहे, ६२१ त्याच्यामागे उभा राहिलेला पोरगा. काही जणांना जास्त खाल्ल्यावर डोकं दुखते वगैरे होते म्हणतात, ज्याला होते त्याने टाळावं, बाकीच्यांनी व्हॉट्सॲप टाळावं. त्याच्यासोबत ६२७ अन् ६३१ किंवा दोन्ही मिळून ६३५ दिसतात, चव वाढवायला. ते शरीरात प्युरिनच्या वाटेने जातात, ज्याचं पुढे युरिक ॲसिड होते, म्हणून युरिक ॲसिड किंवा गाउट (त्याने सांधे दुखणं) असलेल्याने ते आकडे ओळखून ठेवलेले बरे, प्रमाण अगदी थोडं असते तरी. अमेरिकी डब्यावर हे आकडे नसतात, तिथे डायसोडियम ग्वानिलेट, डायसोडियम इनोसिनेट असं लांबलचक नाव असते.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बीएचए अन् बीएचटी, ३२० आणि ३२१. बीएचएवर वाद आहे हे खरं. उंदरांना भरपूर प्रमाणात दिल्यावर त्यांच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात गाठी झाल्या, त्यावरून अमेरिकेच्या सरकारी यादीत "माणसाला कर्करोग होऊ शकतो असं मानायला जागा आहे" या गटात तो आहे. दुसरी बाजू अशी की तो कप्पा माणसाला नसतेच, अन् पदार्थात टाकायची परवानगी दर लाख ग्रॅममागे वीस ग्रॅम अशा प्रमाणात, तीही फक्त त्यातल्या तेल-चरबीच्या वजनावर. माझं मत विचाराल तर वर्षातून दोनदा खाणाऱ्याने यावर झोप घालवू नये, रोज पाकीट फोडणाऱ्याने घालवावी. ट्रान्स फॅटची मात्र आता तेवढी काळजी नाही, अमेरिकेने ती ज्यातून येते ती अर्धवट हायड्रोजनेटेड तेलं २०१८ पासून बंद करत आणली अन् आपल्याकडेही जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात २ टक्क्यांची मर्यादा आहे.

मी तर उलट असं म्हणतो की हे सगळं वाचून झाल्यावर बर्डीवर जाऊन आपल्या दुकानातलं झटपट उपमा, पोह्याचं कपवालं पाकीट उचला अन् त्याच्या मागचं सोडियम वाचा. अमेरिकेवर बोटं मोडायची हौस जरा कमी होईल.

इतवारीकर:

इतकं सगळं वाचून भूक लागली राजेहो. ताई, सासूबाईंसकट सगळ्यांना चालेल असं घरी करा ना, त्यात काय एवढं. ख्रिसमसला नागपूरच्या सदर भागातल्या मित्राकडे खाल्लं होतं, त्याच्या आईने असं सांगितलं.

ब्राऊन ब्रेडच्या आठ-दहा स्लाइस, शिळ्या असल्या तर उत्तमच, छोटे चौकोनी तुकडे करून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायच्या, किंवा एप्रिल-मेमध्ये गच्चीवर दुपारी दोन तास ठेवा, नागपूरचं ऊन त्यासाठीच आहे. बिनमिठाचं बटर दोन चमचे, त्यात बारीक कांदा, लसूण, मशरूम चांगले लाल होईपर्यंत परता, मशरूमनेच ती पाकिटातली चव येते. सेलरी मिळाली तर टाका, नाही तर कोबीचा कोवळा दांडा बारीक चिरून चालतो. मिरे भरपूर, ओवा हातावर चोळून, सांबार (कोथिंबीर) मूठभर. मटकी किंवा राजमा उकडलेला टाकला तर प्रोटीनही झालं. मग भाज्या उकडलेलं बिनमिठाचं पाणी थोडं थोडं शिंपडत ब्रेड घालायचा, ओला झाला पाहिजे, भिजला नाही पाहिजे. मीठ सहा जणांत पाव चमचा, शेवटी लिंबू पिळायचं म्हणजे कमी मीठ कळत नाही.

आहारकाकू (सीए रोड):

छान आहे. फक्त ब्रेडमध्येही मीठ असतंच हे लक्षात ठेवा, म्हणून पाव चमच्यावर जाऊ नका. पाव चमचा म्हणजे ६०० च्या जवळ सोडियम, सहा जणांत शंभर-शंभर. आणि आजोबांना मशरूम-राजमा किती चालेल ते त्यांच्या पोटॅशियमच्या रिपोर्टवर ठरेल, तोवर त्यांच्या वाटणीत कोबी आणि कांदाच जास्त ठेवा.

संत्राबर्फी (धरमपेठ):

गोळी पाहिली, टेल्मिसार्टनच निघाली. डॉक्टरांना उद्या फोन करते. डबे खालच्या मजल्यावरच्या हॉस्टेलच्या पोरांना देऊन टाकते, ते तसेही काहीही खातात, पण एक डबा यांच्यासाठी ठेवला आहे. तो उघडून अर्धा उरला तर पावसाळ्यात किती दिवस टिकेल? अन् शिजवलेलं उरलं तर?

फूडटेक_एलआयटी:

कोरडं उरलं तर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये, पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर हवेतलं पाणी ओढून आठवड्यात नरम होईल. नरम पडलं किंवा जुन्या तेलासारखा खवट वास आला की टाकून द्या. शिजवलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात आपल्याकडे एका तासात, अन् तीन-चार दिवसांत संपवा. खाताना पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा. पोरांना देताना त्यातल्या कोणी शाकाहारी असेल तर चिकनचं सांगून द्या.

तर्रीपोहे:

कोणतं हॉस्टेल आहे ताई? माझा भाचा राहते धरमपेठेत 😄